थांबलेलं दुखणं

"ताई, कर ते मशीन बंद. थांबलं माझं दुखायचं," धाकटी म्हणाली.

सकाळी हीच बया घर डोक्यावर घेऊन ओरडत होती, आणि आता टेबलावर पडून पाय हलवतेय! मला ते मुळीच आवडलं नाही. सोनोग्राफी करण्यात माझी अर्धी हयात गेली. एवढं दुखणं औषधावाचून गपकन थांबलं की समजावं, आत काहीतरी बिघडलंय.

"गप पड. जेल गार आहे, किंचाळू नकोस."

"किंचाळून झालंय माझं."

ओटीपोटात गाठ दिसली. तपासताना हाताला लागली तेव्हाच सर्जन ती अंडाशयाची धरून ऑपरेशनच्या तयारीला लागला होता. दुखतं तिथेच सगळे बघतात. माझी आपली खोड, डाव्या बरगड्यांखाली प्लीहा, म्हणजे पाणथरी, बघितल्याशिवाय हात उचलायचा नाही. तिथे नुसतं आतडं आणि गॅस. धाकटीला कूस बदलायला लावली, श्वास धरायला लावला. प्लीहा जागेवर नव्हतीच.

पुन्हा खाली आले. अगं बाई, ती गाठच प्लीहा होती! एखादीची जन्मापासून सैल असते, ती अशी खाली घसरते. सुजून दुप्पट झालेली, आणि तिच्या रक्तवाहिन्यांचा देठ पिळलेल्या फडक्यासारखा. रक्त वाहत असलं की पडद्यावर लाल-निळा रंग उमटतो. बटण दाबलं. काळंच. पुन्हा दाबलं. काळंच. प्लीहा मेली होती, म्हणून दुखणं थांबलं होतं. ती आत सडायच्या आधी काढली नाही तर पोरगी हातची जाणार.

मी सर्जनला फोन लावला. "अंडाशय सोडा. प्लीहा पिळलीय, रक्त बंद आहे. आत्ताच्या आत्ता घ्या तिला."

तेवढ्यात आई दार ढकलून आत आली. "राहिलं ना दुखायचं? मीच बसवला तिचा गोळा."

"कसला गोळा?"

"अगं, लहानपणापासून सरकतो तिचा. तेल लावून वर ढकलला की बसतो. आज मेला जागचा हलेना, मग मुठीत धरून चांगला फिरवला. तेव्हा बोंबलली, पण आता बघ!"

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तू लगेच मशीन काढतेस."

माझं डोकंच फिरलं. "आई, तुला कळतंय का तू काय..."

धाकटीने माझं मनगट आवळलं. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत होती, चेहरा पांढराफटक. "नको ना ताई," ती पुटपुटली. मग आईचा हात ओढून तिने गालाला लावला. "तुझ्यामुळेच आराम पडला गं. आता बाहेर बस जरा."

आईचा चेहरा खुलला. "बघ," ती मला म्हणाली, "तुझ्या मशीनने झालं असतं का हे?"