पान एक्क्याण्णव

भावी शिक्षकांसाठी मी लिहिलेल्या मानसशास्त्राच्या पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या, आणि त्यातली चूक काढली कोणी, तर माझ्या सुनेनं. तीही भर जेवणात, घास माझ्या तोंडात असताना.

लग्नानंतर दहा वर्षांनी ती बी.एड. करून शिक्षिका व्हायला निघाली होती. मानसशास्त्राच्या चाचणीत तीन गुणांनी नापास झाली. फेरतपासणीत गुण वाढले नाहीत, तर सोमवारपासून बाकीच्या जणी शाळेत पाठ घ्यायला जाणार आणि ही वर्षभर घरी बसणार. ऋण प्रबलनाच्या प्रश्नाला तिला पाचपैकी शून्य होतं.

"पप्पा, पान एक्क्याण्णववर तुम्ही लिहिलंय, ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा. ते चुकीचं आहे."

"मग इतकी वर्षं सगळ्यांनी डोळे मिटून वाचलं का गं?" माझा आवाज चढला. बायको उगाचच पाणी आणायला उठली.

सून जागची हलली नाही. "गाडीत पट्टा लावला नाही की पीं पीं वाजतं. लावला की बंद. ती कटकट थांबते म्हणून आपण रोज पट्टा लावतो. शिक्षेनं वागणं कमी होतं, इथं तर वाढलं. मी पेपरात हेच लिहिलं. आता तुम्हीच सांगा, पुढच्या वेळी बरोबर लिहू की तुमचं लिहू?"

मी ताट सरकवून उठलो आणि खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. वर्तनवादाला मी सात पानं दिली होती. कुत्रा, घंटा, लाळ. उंदीर, कळ, दाणा. शेवटी 'माणूस म्हणजे उंदीर नव्हे' असं ठणकावून मी मोकळा. 'ऋण' म्हणजे काहीतरी वाईट, असं मी धरून चाललो होतो. ती साधी वजाबाकी होती: नको असलेली गोष्ट काढून घेऊन वागणं बळकट करणं. हे प्रकरण मी दुसऱ्या एका पुस्तकावरून उतरवलं होतं, त्यानं बहुधा तिसऱ्यावरून. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कॉलेजात गेलो. पेपर तपासणारा प्राध्यापक माझाच जुना विद्यार्थी. मला पाहताच तो खुर्चीतून उठला.

"माझ्या सुनेचं उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो. "माझं पुस्तक चुकलंय."

त्यानं पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. "मग बाकी चाळीस जणींनी पुस्तकातलं लिहिलंय, त्यांचे गुण कापू?"

"त्यांचे कशाला? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचे राहू देत."

त्यानं सुनेचा पेपर काढला, शून्य खोडून पाच केले आणि सही केली. ती पास झाली! मी इतका खूश झालो की त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यामुळे त्याला धीर आला असावा.

"सर, रागावणार नसाल तर सांगतो. ही चूक मला चार वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"आठव्या आवृत्तीतली छपाईची एक चूक दाखवली होती. तुम्ही फोनवर वीस मिनिटं झापलंत. तेव्हापासून गप्प बसतो, गुणही पुस्तकाप्रमाणेच देतो. गप्प बसलं की झापणं टळतं."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

सोमवारी सून शाळेत गेली आणि मी बाराव्या आवृत्तीला बसलो. पान एक्क्याण्णववर नवं उदाहरण घातलं: 'एक लेखक तापट होता. त्याची चूक दाखवली की तो ओरडे. गप्प राहिलं की ओरडणं टळे. म्हणून सगळे अधिकाधिक गप्प राहू लागले. ही शिक्षा नव्हे, हे ऋण प्रबलन.'

मुद्रितं सुनेला वाचायला दिली. ती त्या पानावर थांबली.

"पप्पा, यात एक चूक आहे."

मी दात आवळले. "कोणती?"

"सगळे गप्प नव्हते राहिले."

मी तिच्या हातून कागद घेतला आणि 'सगळे'च्या आधी 'जवळजवळ' लिहिलं.