विमलबाईला कुणी विचारलं?

बिनविरोध ठराव करायची धोंडीरामरावांना भारी हौस. चकलांब्याकडच्या एका गावात ते सोसायटीचे चेअरमन. दुष्काळाचं तिसरं साल. टँकर आधी कुठल्या गल्लीत जाणार, तेही त्यांच्याच ओट्यावर ठरे. मग बायकोच्या, विमलबाईच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर त्यांनी तोही विषय ओट्यावरच घेतला!

बीडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रस्ते तीन आहेत. आठवड्यातून तीनदा इथं येऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्या. नाहीतर पोटात नळी बसवून रोज घरीच डायलिसिस करा. किंवा किडनी बदला. समजून घ्या, पण लवकर ठरवा. मशीनसाठी हाताची शीरही आधी तयार करावी लागते."

ओट्यावर सात पुरुष जमले.

"पोटात नळी? लोक हसतेल की, चेअरमन," एक म्हणाला.

"सुया कशापायी टोचायच्या? काढा द्या," दुसरा म्हणाला.

आत विमलबाई सुजल्या पायांवर उभ्या राहून त्यांचाच चहा गाळत होत्या. विषय पुढच्या बैठकीवर गेला. असा तीनदा गेला, त्यात दोन महिने सरले.

चौथ्या बैठकीआधीच विमलबाईंचा श्वास कोंडला. दवाखान्यात घाईघाईनं मानेत नळी घालून मशीन लावावं लागलं.

"आता मशीनच चालू द्या, साहेब. आमचं ठरलंय," धोंडीरामराव म्हणाले.

शेजारच्या खाटेवर युसूफ वडगाव या गावच्या नीलाबाई होत्या. किराणा दुकान चालवणाऱ्या, तीन वर्षांपासून मशीनवर. ओट्यावरच्या बैठकांचं सगळं विमलबाईंनी त्यांना सांगितलं होतं. त्या उठून बसल्या.

"आमचं म्हंजी कुणाचं, चेअरमन?"

"घरचं."

"अन् सुई कुणाच्या अंगात? मला मशीन मानवलं. लेक हितंच बीडात हाय, तिच्याकडं उतरते. माझं मी ठरवलं. हिला इचारलं का?"

"तिला काय कळतंय त्यातलं!"

"त्या सात जणांना लई कळलं! दोन महिने बाई सुजत ठेवली, अन् वर ठराव!"

धोंडीरामरावांची गावापुढं कधी न झुकलेली मान खाली गेली. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "विमल, तुला काय पायजे?"

"घरचं, पोटातल्या नळीचं. तीन-तीनदा एसटीचे हादरे खायची ताकद न्हाई माझ्यात."

"पर त्याला हात सारखे धुवावे लागत्यात. पाणी कुठंय?"

"आख्ख्या गावाला टँकर वाटता. मला चार तांबे न्हाईत व्हय?"

डॉक्टर म्हणाले, "घरी जमेल. दोघांनी शिकावं लागेल. पण पाणी साचून हृदय फार थकलंय. किडनी बदलायचं आता शक्य दिसत नाही. दोन महिने आधी आला असता तर..."

धोंडीरामराव भिंतीला टेकले. "हे म्या केलं," एवढंच बोलले. आठवड्यानं ते बायकोशेजारी बसून पोटातल्या नळीला औषधी पाण्याच्या पिशव्या लावायला शिकू लागले.

बाबांनो, घरातल्या आजारी माणसाला सगळे रस्ते त्याच्या भाषेत सांगा. त्याचं ऐका, आणि वेळेत ऐका. तुमच्या बैठकांसाठी दुखणं थांबत नाही. विमलबाईचा एक रस्ता त्या सात शहाण्यांनी चहा पीत पीत बंद केला. तो आता कुठल्याच ठरावानं उघडणार नाही!