दोन थापा, मग एक

दर शुक्रवारी कासिमिरा चुंबकाला जेवू घालायची. चुंबक म्हणजे लिंबाएवढा काळा दगड, तिच्या आईकडून आलेला. स्वयंपाकघरात टेबलाच्या वर, आढ्याला बांधलेल्या लाल दोऱ्याला तो टांगलेला असे. त्याचं जेवण म्हणजे चिमूटभर लोहकीस. मेक्सिकोतल्या त्या खाणीच्या गावात चुंबक कुणी उपाशी ठेवत नाही. पोट भरलेला चुंबक दूर गेलेल्या माणसाला घराकडे ओढतो, असं तिथल्या बायका मानतात. शिकलेल्या बायका मानत नाहीत, पण कीस त्याही घालतात.

या शुक्रवारी कासिमिराने मूठभर घातला. खाण कोसळली तेव्हा तिचा नवरा एउस्तोलियो इतर काही जणांसोबत आत होता. मालकांनी शोध थांबवला होता आणि उद्या सकाळी खाणीचं तोंड सिमेंटने बुजवणार होते. पाद्रीबाबा प्रार्थनेला येणार होते. बाकीच्या बायकांनी काळे कपडे बाहेर काढले होते. कासिमिराने काढले नव्हते, म्हणून गाव तिला वेडी म्हणत होतं. गावाचं काय जातं म्हणायला!

दुपारी तिचा धाकटा दीर अबुंदियो आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. काखेत तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं आणि वीज दाखवणारं काट्याचं एक यंत्र होतं.

"वहिनी, आज तुमच्या दगडाची परीक्षाच घेतो."

"घे की, मास्तर. तुझ्या परीक्षेत अर्धा वर्ग नापास होतो, तिथं दगडाची काय कथा!"

तो हसला नाही. भाऊ त्याचाही गेला होता. वहिनीच्या डोक्यातून हे खूळ काढावं, म्हणजे ती निदान रडेल तरी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने वेटोळं टेबलावर घट्ट बसवलं, असं की दगड त्याच्या पोकळीत मधोमध लोंबत राहील, कुठे टेकणार नाही. तारा लांब ओढून यंत्र खिडकीपाशी ठेवलं, दगडाच्या ओढीनेच काटा सरकायला नको म्हणून. मग बोटाने दगडाला टिचकी मारली. काटा उडाला. दगड थांबला, काटाही थांबला.

"पाहिलंत? चुंबक हलला तर तारेत वीज येते. गप्प राहिला तर कितीही ताकदीचा असो, तारेला काही देत नाही. आता कुणी हात लावू नका आणि बघा. हा दगड काही करत नाहीये, वहिनी. कुणाला बोलावत नाहीये."

काटा शून्यावर होता. इतके दिवस जे कुणी बोललं नव्हतं, ते या काट्याने बोलून टाकलं असं कासिमिराला वाटलं.

आणि काटा हलला.

दोनदा लागोपाठ. जरा दम खाऊन, एकदा.

"वारा असेल," अबुंदियो म्हणाला आणि खिडकी लावून आला. दगड तर दोऱ्याला स्थिर होता. काटा पुन्हा हलला. त्याने चुलीवरचं खदखदणारं भांडं उतरवलं. दोघंही पाय वर घेऊन बाकावर मांडी घालून बसले, जमिनीला धक्का नको म्हणून. दोन, मग एक.

"दगड हलत नाहीये," अबुंदियो काट्यावरची नजर न काढता म्हणाला. "तो दोऱ्याला टांगलाय, तो जागीच राहतो. जमीन हलतेय. जमिनीबरोबर टेबल, टेबलाबरोबर वेटोळं. चुंबक हलो की तार, वीज येतेच. खालून कुणीतरी ठोकतंय, वहिनी."

"कुणीतरी काय? तुझा भाऊ आहे तो! दार सताड उघडं असलं तरी बाहेर उभा राहून त्यावर अशाच थापा द्यायचा. दोन, मग एक. मी चिडेपर्यंत."

अबुंदियोने जमिनीला कान लावला. काहीच ऐकू येईना. काटा मात्र हलत होता. तो अनवाणीच चौकाकडे पळत सुटला.

कासिमिराच्या परसात जुन्या खाणीचं हवेचं भोक होतं, आजेसासऱ्यांच्या काळात दगडांनी बुजवलेलं. माणसं आली, कुणी विश्वासाने, कुणी मास्तरही वेडा झाला म्हणून बघायला. पण कुदळी सगळ्यांनी चालवल्या. कासिमिरा मात्र आतच बसून राहिली. परसात इतका दणदणाट चालला होता की काटा नुसता थरथरत होता, पण माणसं दम घ्यायला थांबली की पुन्हा तेच. दोन, मग एक. ती त्याच्याशी बोलत होती. मेल्या, आता तरी गप्प बस, येतायत की सगळे! असं म्हणून हसत होती, रडत होती.

ऊन उतरता उतरता बाहेर आरडाओरड झाली. त्याच क्षणी काटा शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

आता कशाला ठोकेल? बाहेर आला! ती शाल सावरत धावली.

दोराने वर काढलेला पहिला माणूस लिनो होता, शेजारचा. मग आणखी दोघे. मग दोर रिकामाच वर आला. शोधायला खाली उतरलेला माणूस शेवटी वर आला आणि त्याने नकारार्थी मान हलवली.

मातीने माखलेल्या लिनोने डोळे किलकिले करून तिला ओळखलं. "वहिनी, एउस्तोलियो कुठाय? बोलवा ना त्याला. दरड आली तेव्हा तो पलीकडे राहिला, आम्हाला वाटलं गेला बिचारा. मग वरून त्याच्या थापा यायला लागल्या. जुन्या बोगद्यांतून, काळोखात, त्या ऐकत ऐकत आम्ही इथवर सरपटत आलो."

"पण थापा तर खालून येत होत्या," अबुंदियो कसाबसा म्हणाला. "तुम्ही नव्हता ठोकत?"

"हात उचलायची ताकद कुठं होती, मास्तर?"

माणसांनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली. कासिमिराला वाटलं, ओरडावं, ते भोक हातांनी उकरत खाली जावं. तिने ते केलं नाही. लिनो तिच्याकडे पाहत होता, लहान मुलासारखा वाट बघत.

ती त्याच्याजवळ खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाण्याचं भांडं त्याच्या ओठांना लावलं.

"झोपलाय तो," ती म्हणाली. "फार दमला होता रे. तू आधी पाणी पी."