पाय मुरगळलाय

कापायच्या टेबलावर त्या सकाळी पांढऱ्या कापडाचे तीन तागे होते, निळ्याचे दोन, कॉलरच्या अस्तराची एक गुंडाळी, दोन मोठ्या कात्र्या, खडूचे चार तुकडे आणि एक काळा चष्मा. टेबलाखाली न कापलेल्या कामाची पाच गाठोडी. यातला चष्मा तेवढा नवा होता. गाठोड्यांची संख्या कमीजास्त व्हायची, आणि ती का व्हायची हे घरात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नव्हतं.

पुढची मोठी खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. धंदा शाळांच्या गणवेशांचा. मुलगा मशीन चालवायचा, त्याची आई माल तपासून घड्या घालायची, धाकटी बहीण काज-बटणं करायची. लहानपणापासून तेच करत आल्यामुळे तिला सगळे ‘बटण’च म्हणत. कापायचं काम सुनेचं. तिचंही एक नाव होतं, ‘फूटपट्टी’. सासरे हयात असताना त्यांनी ठेवलेलं. दारातून गिऱ्हाईक आत आलं की टेप हातात घ्यायच्या आधीच ती खांद्याचं माप सांगायची, आणि ते चुकायचं नाही. “टेप ताणला जाईल, आमची फूटपट्टी नाही,” असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

शाळा उघडायच्या आधीच्या घाईत ती वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडली. डोकं मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं. रक्ताचा थेंब आला नाही. टेंगूळ आलं, तेही आठवड्यात उतरलं.

“फोटोत काही दिसत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “पण फोटोत न दिसणारी इजाही इजाच असते. दिवस वरखाली होतील. बरं वाटेल त्या दिवशी जास्त काम करायचं नाही, थकवा यायच्या आधी थांबायचं. आणि डोक्याला पुन्हा मार लागता कामा नये. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.”

घरी येईपर्यंत नवऱ्याच्या लक्षात पहिले चार शब्द राहिले. “फोटो क्लीन आहे,” त्याने आईला सांगितलं. आईने देवाला हात जोडले आणि ताबडतोब पुढचा विचार केला. लेकीचं लग्न जमवायचं होतं. सून डोक्यावर पडली म्हटलं, तर लोक डोक्यावर परिणाम झाला म्हणणार, आणि एकदा घराला तो डाग लागला की मुलीकडे कोण बघणार? तिने त्याच संध्याकाळी शेजारी सांगून टाकलं, “काही नाही हो, सुनेचा पाय मुरगळलाय.”

मुरगळलेला पाय सभ्य असतो. त्याला लेप लावता येतो, त्याची चौकशी करता येते, तो महिन्याभरात बरा होतो. तेव्हापासून फूटपट्टीला कुणी आलं की लंगडावं लागे.

“आज आई म्हणाल्या लंगड, म्हणून लंगडले,” ती एकदा नणंदेला म्हणाली, “पण काल कुठला पाय होता, आठवेना.”

“काल डावा होता वहिनी. आज तू उजवा मुरगळलास.” दोघी तोंडावर हात दाबून हसल्या, आणि हसल्यामुळे तिच्या कपाळात इतकी कळ गेली की ती भिंतीला टेकून खाली बसली. इस्त्रीवाल्या मावशींच्या मात्र लक्षात आलं होतं. “तुमच्या सुनेचे दोन्ही पाय आळीपाळीने दुखतात वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि सासूने विषय बदलला.

दुखणं होतं ते असं. मशीन सुरू झालं की त्याची टिकटिक तिला कवटीच्या आतून ऐकू यायची. ट्यूबलाइट टोचायची, म्हणून काळा चष्मा. वर पाहिलं की खोली फिरायची. कधी शब्द हरवायचे. जी वस्तू पंधरा वर्षं हातात धरली, तिचं नाव आठवेना. “ते... कापायचं... ते दे ना,” ती म्हणायची, आणि नवरा मशीन थांबवून हसायचा, “कात्री! अगं, तुझी सवत ती, तिचं नाव विसरलीस?” तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटायचं, हसण्यावारी नेलं की हलकं होईल.

आणि मग एखाद्या सकाळी यातलं काहीच नसायचं. ती उठून चहा करायची, पडदा सरकवायची, गाणंही गुणगुणायची. सगळा गोंधळ त्या सकाळींमुळे होता.

त्या दिवशीची सकाळ तशीच होती. सासूने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि रोजचा निकाल दिला, “आज बरी दिसतेस हो.”

नवऱ्याने टेबलाखालची पाचही गाठोडी वर काढली.

ही त्या घराची रीत होऊन बसली होती. वाईट दिवशी तिला कुणी कामाला हात लावू देत नसत. सासू स्वतः डोक्यावर ओली घडी ठेवायची, मऊ भात भरवायची. पण त्या दिवसांचं काम टेबलाखाली साठत राही, आणि चांगला दिवस उजाडला की सगळंच्या सगळं त्याच्यावर चढे. चांगला दिवस वाया जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्यामागे हिशोब. त्या एका दिवसात ती तीन दिवसांचं कापायची आणि पुढचे चार दिवस अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडायची. मग पुन्हा गाठोडी साठायची.

“सोमवारी तर उभं राहवत नव्हतं, आणि आज बघा, कशी सपासप चाललीय,” सासू लेकाला हळूच म्हणाली. “मनावर घेतलं की होतं सगळं.”

“होतं म्हणजे? दोघींचं काम करतेय एकटी.”

बटण काज करता करता ऐकत होती. डॉक्टरीणबाईंकडे वहिनीबरोबर तीही गेली होती. “दादा, थकायच्या आधी थांबायला सांगितलंय,” ती म्हणाली.

“थकलीस का गं?” दादाने विचारलं.

“नाही,” फूटपट्टी म्हणाली. ते खरंच होतं. थकवा तिला दुसऱ्या दिवशी येत असे. शिवाय बरं वाटण्याचा तो दिवस तिला इतका गोड लागायचा, की थांबायचं तिच्याही जिवावर यायचं.

दुपारी जेवणं झाल्यावर बटणने नाडीचा एक तुकडा कापून हवेत धरला. हा दोघींचा खेळ होता. वाईट दिवशी वहिनीचा अंदाज दोन-तीन इंचांनी चुके. दिवसागणिक ती चूक कमी होते का, हे बटण मनात ठेवत असे.

“किती?”

फूटपट्टीने क्षणभर पाहिलं. “सव्वाअठरा.”

टेपवर अठरा भरलं. पाव इंचाची चूक, अपघातानंतरची सगळ्यात कमी. बटणने वहिनीच्या गालाला गाल लावला. “आलीस की गं परत!”

“अर्धी आलेय. उरलेली वाटेत आहे.”

तेवढ्यात सासू आतून आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. निरोप आला होता. उद्या मुलाकडचे येणार होते, फक्त आई आणि मुलगा, घर बघायला. सासूने त्या संध्याकाळी सगळ्या खोल्या धुऊन काढल्या, सुनेनेही धुतल्या. दिवस चांगला होता ना.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टी उठली तेव्हा खिडकीची चौकट तिला दोन-दोन दिसत होती. तिने ते नणंदेला सांगितलं.

“आई, वहिनीला आत पडू दे,” बटण म्हणाली. “बरं नाही म्हणून सांगू.”

“काय बरं नाही म्हणून सांगू? पाय तर बरा झाला म्हणून मीच कळवलंय त्यांना. ती बाई विचारणार, सून कुठे आहे? घरात सून दिसत नाही म्हटलं की लोकांना सतराशे साठ शंका येतात.” मग सुनेकडे वळून ती अगदी मायेने म्हणाली, “तासाभराचाच प्रश्न आहे गं माझ्या बाय. चष्मा तेवढा नको. आंधळी समजतील.”

“हो आई,” सून म्हणाली.

पाहुणे आले. मुलाची आई ठसठशीत, हसऱ्या बोलण्याची होती. मुलगा गाडीची किल्ली बोटात फिरवत कापडांकडे कुतूहलाने बघत होता. दुकानातले सगळे दिवे लावले होते. फूटपट्टी भिंतीशी उभी होती, हसत होती, आणि त्या हसण्याखाली तिने दातांवर दात दाबले होते हे फक्त बटणला दिसत होतं.

“आणि ह्यांचा पाय कसा आहे आता?” मुलाच्या आईने विचारलं. “आमच्या धाकट्या जावेचा मुरगळला, ती अजून जिना चढत नाही. नाटकंच जास्त, दुसरं काय!”

“आमच्याकडे तसलं काही नाही हो,” सासू घाईने म्हणाली. “अगदी ठणठणीत आहे. अगं, तो वरचा नवा निळा तागा दाखव ना यांना. चढ वर, बघू देत पाय.”

बटण उठून उभी राहिली. “मी काढते.”

“तू बस गं. तुला बघायला आलेत ते.”

सगळे हसले. फूटपट्टीने नणंदेकडे पाहिलं, बारीकशी मान हलवली, बस म्हणून. ती स्टुलावर चढली. पाय खरंच ठणठणीत होते. तिने ताग्यासाठी मान वर केली.

ती पडली तेव्हा आवाज एकच झाला. ताग्याचं कापड उलगडत दारापर्यंत गेलं.

गाडी पाहुण्यांची होती, म्हणून दवाखान्यात तेही आले. फूटपट्टीला आत घेतलं, आणि एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन भराभर विचारू लागले. “कशा पडल्या?”

“पाय घसरला,” सासू म्हणाली. “पाय मुरगळला होता हो मागे. तोच.”

“याआधी डोक्याला कधी मार लागला होता? अलीकडे? नीट आठवून सांगा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.”

मुलाची आई शेजारीच उभी होती. सासूने लेकाकडे पाहिलं. लेकाने फरशीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं शर्टांच्या बाह्या जुळवणारा त्याचा हात खिशात जाऊन मूठ वळत होता.

“पाय कधीच मुरगळला नव्हता,” बटण म्हणाली. “तीन महिन्यांपूर्वी त्याच स्टुलावरून पडून डोक्याला मार लागला होता. अजून बरी नव्हती. उजेड सहन होत नाही, शब्द आठवत नाहीत, आज सकाळपासून दोन-दोन दिसत होतं. आम्ही लपवलं. माझ्या लग्नासाठी लपवलं.”

डॉक्टर धावत आत गेले.

मुलाची आई पदर सावरत म्हणाली, “हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही.” आवाजात राग नव्हता. “बघू. कळवतो.” मुलगा जाताना दोनदा मागे वळून पाहत होता. त्यांनी काही कळवलं नाही.

मोडलेलं हाड असतं तर याच घराने तिला पलंगावरून उतरू दिलं नसतं. प्लास्टर दिसतं, आणि आपल्याकडे जे दिसतं त्यालाच रजा मिळते. बाईचं न दिसणारं दुखणं चांगल्या दिवशी नाटक ठरतं आणि वाईट दिवशी कलंक. त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. अशी किती घरं असतील, जिथे कुणीच दुष्ट नाही आणि दाराशी लंगडणारी एक सून आहे?

फूटपट्टी घरी आली तेव्हा शाळांची पहिली परीक्षाही उलटून गेली होती. डॉक्टरांनी आता दिवस वरखाली होतील असं म्हटलं नाही. जेवढं परत येईल तेवढं आपलं, असं म्हणाले. बटणने दुकानात दोन गोष्टी केल्या आणि कुणाला विचारलं नाही. स्टूल फोडून चुलीला घातलं, आणि टेबलाखालची जागा फळी ठोकून बंद केली. कापायला आता एक कामगार यायचा. ज्या दिवसाचं काम त्या दिवशी झालं नाही, त्याचं गिऱ्हाईक परत जायचं.

“एवढ्याने धंदा बसेल,” दादा म्हणाला.

“बसू दे. तिलाही बसू दे,” बटण म्हणाली.

इस्त्रीवाल्या मावशी माल न्यायला आल्या. अर्धवट सरकवलेल्या पडद्याआड खुर्चीत काळा चष्मा लावून बसलेल्या सुनेकडे त्यांनी पाहिलं आणि सवयीने विचारलं, “पाय कसा आहे हो तिचा?”

सासूने घडी घालायची थांबवली. तिने लेकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“पाय चांगला आहे तिचा,” ती म्हणाली. “डोकं दुखावलंय. आमच्यामुळे.”

मावशी खाली बसल्या आणि घड्या घालू लागल्या.

दुपारी मशीन बंद झाल्यावर बटण नाडीचा तुकडा घेऊन पडद्याआड गेली. दवाखान्यातून आल्यापासून वहिनी नाडीकडे पाहायची, पण आकडा सापडायचा नाही. बटणने नाडी दोन्ही हातांनी ताणून धरली.

“किती गं?”

फूटपट्टीने चष्मा काढला. खूप वेळ पाहिलं. ओठ दोनदा हलले.

“चौदा.”

बटणने नाडीला टेप लावला. साडेएकोणीस इंच.