महालक्ष्म्यांच्या भिंतीचं माप

मी एक जुनी इंचीटेप आहे. शिवणाऱ्या बाया गळ्यात घालतात ती, कापडी, दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी असलेली. मित्रांनो, माझा पिवळा रंग आता चहात बुडवल्यासारखा दिसतो आणि सुरुवातीचे आकडे पार पुसले गेले आहेत. पण ग्वाल्हेरात गोरखीच्या आसपासच्या निम्म्या बायांचे दंड मला पाठ आहेत. फुशारकी मारायची नाही असं ठरवलं होतं, पण मारली.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. दोरे-बटणांच्या दुकानात इंदुताईंनी मला ताणून पाहिलं आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या घरीच ब्लाउज शिवायच्या. त्यांचे यजमान भालचंद्रराव शाळेत गणित शिकवायचे. वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर, तीन माणसं, एक शिलाई मशीन. "इंदुताईंचं माप म्हणजे माप," असं बाया म्हणायच्या. त्यात माझं नाव कोणी घेत नसे. ते मला फार लागलंही नाही.

माझं खरं मानाचं काम वर्षातून एकदाच असायचं. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या उभ्या राहतात. लाकडी मखर, त्याच्या मागे नवा पडदा, आणि त्यांचं तोंड पूर्वेकडे. पहिल्या वर्षी इंदुताईंनी मला मखरावर आडवं धरलं आणि हसून म्हणाल्या, "अहो, बघा ना, मखर अगदी या टेपएवढंच आहे. आता आकडे वाचायलाच नकोत."

पुढे मात्र मी वाढले. यशश्रीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, लहानपणी मैत्रिणींबरोबर माझी आगगाडी केली. भालचंद्ररावांनी एकदा माझ्यानंच गादीची वळकटी बांधली. ताणून ताणून मी दोन बोटं लांब झाले. "माणसं म्हातारपणी आखडतात, हिचं उलटंच," इंदुताई म्हणायच्या. पण त्यांनी मला टाकलं नाही. मखराचं माप घेताना त्या माझी शेवटची दोन बोटं दुमडून धरायच्या आणि दुसरं टोक भालचंद्ररावांच्या हातात द्यायच्या.

मागच्या माघात इंदुताई गेल्या. मी मशीनच्या खणात होते. बाहेर रडण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भिजून वाळलेलं कापड जसं कडक होतं, तशी मी पडून राहिले. भालचंद्ररावांचंही तेच झालं असावं. शेजारणीनं चहा समोर ठेवला की ते "बरं" म्हणायचे, आणि चहा गार झाल्यावर कप उचलून नेला तरीही "बरं" म्हणायचे.

उन्हाळ्यात घरमालक दिग्विजयसिंह हात जोडून आले. घर पाडून नवं बांधायचं होतं. "मास्टरसाब, राखी तक दूसरा घर देख लीजिए," ते म्हणाले. भालचंद्रराव म्हणाले, "बरं."

यशश्री लग्न होऊन गावातच, हजीऱ्याला असते. तिनं वडिलांना आपल्याकडे बोलावलं, पण लेकीच्या सासरी राहायचं नाही, एवढं एकच त्यांनी ठामपणे सांगितलं. मग दलाल शोधला. त्याचं नाव अंशुल. पहिला फ्लॅट बघायला निघताना भालचंद्ररावांनी खण उघडला आणि मला खिशात घातलं. कितीतरी महिन्यांनी मला उजेड दिसला.

सिटी सेंटर भागातल्या त्या फ्लॅटमध्ये नळ बघितले नाहीत, लिफ्ट बघितली नाही. ते सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले. दोन दारांच्या मधे तेवढीच मोकळी जागा होती. एक टोक अंशुलनं धरलं. मी पुरती उलगडले आणि माझी शेवटची दोन बोटं चौकटीवर गेली.

"नहीं बैठता," ते म्हणाले.

"अंकलजी, इतनी सी दीवार के लिए कोई फ्लैट छोड़ता है क्या? मंदिर तो किचन में अलग दे रखा है."

"वो बैठने वाले भगवान के लिए है. हमारी महालक्ष्मी खड़ी रहती हैं."

पुढचा फ्लॅट, त्याच्या पुढचा फ्लॅट. कुठे कपाट आड आलं, कुठे खिडकी, आणि जिथे काहीच आड आलं नाही तिथे माझी दोन बोटं बाहेर राहिली. राखी जवळ आली. दिग्विजयसिंहांची माणसं गच्चीवरचे पत्रे काढू लागली. भालचंद्रराव त्या आवाजात पेपर वाचत बसायचे.

शेवटी यशश्री रजा टाकून आली आणि त्यांना पुन्हा त्या पहिल्या फ्लॅटवर घेऊन गेली. "बाबा, ये वाला तर मस्त आहे. हवा येते, खाली दवाखाना आहे. आणखी काय पाहिजे?"

"भिंत बसत नाही."

"द्या इकडे." तिनं मला घेतलं. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ती थांबली. मग तिनं माझी शेवटची दोन बोटं दुमडली, अगदी तिच्या आईसारखी. मी दोन दारांच्या मधे नीट बसले.

"बाबा, ही टेप वाढलीये. आई दोन बोटं दुमडून धरायची."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग?"

भालचंद्ररावांनी माझं टोक सोडलं नव्हतं. "बसलं असतं तर इथे यावं लागलं असतं," ते म्हणाले. "तिला न घेता."

यशश्रीनंही आपलं टोक सोडलं नाही. बराच वेळ मी दोघांच्या मधे ताणलेली होते, आणि पहिल्यांदाच मला दुखलं. मग भालचंद्ररावांनी मान वळवली आणि दारातल्या अंशुलला म्हणाले, "ठीक है. ले लेते हैं."

आता मी त्या फ्लॅटमध्ये खिळ्यावर टांगलेली आहे. इंदुताईंना जाऊन वर्ष सरलेलं नाही, म्हणून यंदा महालक्ष्म्या नाहीत. मखर माळ्यावर आहे आणि पश्चिमेची भिंत रिकामी आहे. भालचंद्रराव तिच्याकडे तोंड करून चहा पितात. कधी कधी पूर्ण पितात.

मित्रांनो, जुनी मापं चुकतात, म्हणून ती फेकू नका. किती बोटं दुमडायची ते घरातल्या माणसाला विचारा. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस प्रत्येक नव्या घरात "बसत नाही" म्हणू लागलं, तर भिंतीशी वाद घालू नका. दुसरं टोक तुम्ही धरा.