क्लिपचा तिसरा दाता

तिसऱ्या दात्यापर्यंत पोचायला आप्पांनी अडीच महिने घेतले, आणि बुधवारी सकाळी साडेदहाला क्लिप सुटायची ती सुटलीच.

आधी नुसता टक् असा आवाज आला. मग पिवळी पट्टी सळकन मागे गेली, खोक्याचं झाकण उघडलं आणि चोवीस पितळी तोट्या पॅकिंगच्या खोलीभर घरंगळल्या. एक तर थेट थोरलीच्या चपलेपाशी येऊन थांबली, जणू तक्रार घेऊनच आली होती.

"पडला गं बाई तिसरा दातही," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं आणि त्या ते शोधतही नव्हत्या. "आता आप्पांना म्हणावं, क्लिपला सरळ कवळीच बसवा."

बायका फिदीफिदी हसल्या. थोरली नाही हसली. पॅकिंगची मुख्य म्हणून तिला रागवायचं होतं आणि आप्पांची लेक म्हणून लाजायचं होतं, आणि दोन्ही एकदम करायला तोंड एकच.

नळाच्या तोट्या बनवणारा हा कारखाना. पूर्वी खोकी तारेनं बांधायचे. तारेला पक्कडीनं पीळ दिला की काम झालं. पण तार खोकी कापायची, बोटंही कापायची, म्हणून यंदा प्लास्टिकची पट्टी आली. पट्टीची दोन टोकं एकावर एक घ्यायची, त्यावर पत्र्याची छोटी क्लिप चढवायची आणि पक्कडीनं दाबायची. क्लिपच्या आतले दाते पट्टीत रुततात आणि धरून ठेवतात. ठेवायला हवेत, असं म्हणू. क्लिप घरचीच बनवायची असं ठरलं, कारण डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवणारे आप्पा घरचेच होते.

पहिली क्लिप दोन दात्यांची. सुटली. मग दाते तिरके केले. सुटली. मग कडा आत वळवली. तीही सुटली. आणि दर वेळी नाटक एकच. आप्पा स्वतः डझनभर नमुने आणून देणार, त्यांची पहिली खोकी आपटली तरी हलणार नाहीत, सगळे माना डोलावणार. आणि प्रेसमधून डबे भरभरून माल आला की टक्, टक्, टक्.

"आणि हात बघ," काकूंनी काळे तळवे तिच्या नाकासमोर धरले. "दोन महिने सांगतेय. या क्लिपांनी हात बरबटतात. पोळी खाताना सुद्धा वास येतो."

"काकू, इथे आभाळ फाटलंय आणि तुमचं हाताचं काय?"

तेवढ्यात मालक आले. दारात पडलेल्या तोटीवर त्यांचा पाय पडला, ते डगमगले, सावरले. घसरून पडले असते तर परवडलं असतं. सावरलेला माणूस जास्त चिडतो.

"शुक्रवारी तीन वाजता," ते म्हणाले. "या वेळी नमुना-बिमुना नाही. मी स्वतः डब्यात हात घालून क्लिपा काढणार. दहा खोकी बांधायची, उंचावरून टाकायची. एक जरी सुटलं तर सोमवारपासून बाहेरच्या क्लिपा घ्यायच्या. आणि आप्पांना सांग, हत्यारं आवरायला घ्या म्हणावं. खूप केलं त्यांनी. आता घरी बसून नातीला खेळवावं."

ते आवाज न चढवता बोलले, म्हणजे ठरवूनच आले होते. आई गेल्यापासून आप्पा तिच्याकडेच राहायचे. रविवारी घरी असले की दुपारपर्यंत दाराच्या बिजागऱ्या, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांची सायकल असं सगळं दुरुस्त करून मोकळे व्हायचे, आणि मग खुर्चीत बसून हातांकडे बघत राहायचे. असे सातही वार रविवार झाले तर? त्या हातांचं काय करायचं?

ती डायच्या खोलीत गेली. आप्पा बेंचपाशी उभे होते, खांद्यावर नेहमीचं निळं फडकं.

"सुटली," ती म्हणाली.

"शक्य नाही."

"आप्पा, माझ्या डोळ्यांदेखत सुटली."

"मग तुझ्या बायकांचे हात ढिले. इकडे ये."

हेही नेहमीचंच. तुळईच्या हुकाला पट्टीचा फास टांगलेला, खाली लोखंडी वजनं अडकवायची सोय. आप्पांनी डब्यातून क्लिप घेतली, फडक्यानं पुसली, पट्टीवर चढवली, दाबली आणि एकेक वजन अडकवत गेले. वीस किलो. चाळीस. साठ. ऐंशी. पट्टी ताणून सतारीच्या तारेसारखी झाली. क्लिप ढिम्म.

"हलली?"

"नाही."

"मग?"

"मग तिकडे का सुटते?"

"ते तिकडच्यांना विचार."

"तिकडची मीच आहे, आप्पा!"

"मग स्वतःला विचार," आप्पा म्हणाले आणि कानस घेऊन डायवर वाकले. थोरलीला वाटलं, ऐंशी किलो आपल्यालाच टांगलेत. मालकांचा निरोप तिनं सांगितला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. फक्त कानसेचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हळू.

गुरुवार असाच गेला. आप्पांनी दाते आणखी धारदार केले. प्रेसवाल्यानं डबा भरून दिला. पॅकिंगमध्ये पाच खोकी बांधली, दोन सुटली. काकूंनी कोपऱ्यातली जुनी तार बाहेर काढली, यावरून काय ते समजावं.

संध्याकाळी थोरली घरी आली तर भिंगरीनं वरण सांडलेलं. भिंगरी म्हणजे तिची लेक, दोन वर्षांची. आप्पांनी पाळणाघरातून आणली की हिचे पाय जमिनीला लागत नसत. नवऱ्याची दुसरी पाळी, त्यामुळे भरवायला थोरली आणि आप्पाच. थोरलीनं पिशवी खाली टाकली, हात धुतले, भात कालवला. भिंगरीनं चमचा फेकला. आप्पांनी उचलला, फडक्यानं पुसला, तिच्या हातात दिला. तिनं पुन्हा फेकला. पुन्हा उचलला, पुसला, दिला.

"आप्पा, त्या फडक्यानं नका पुसू. कारखान्यातलं आहे ते."

"हे घरचं आहे. वेगळं."

"रंग तर तोच!"

"वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं," आप्पा म्हणाले. "कुणाच्या हातात वस्तू द्यायची तर पुसून द्यायची. हत्यार असो, चमचा असो. हात आपोआप जातो माझा."

हे तिनं हजारदा ऐकलं होतं. तिनं भाताचा घास करून भिंगरीकडे वळावं तर भिंगरी गायब. ती पिशवीपाशी बसली होती. पिशवीतून तिनं क्लिपांची पुडी काढली होती. थोरलीनंच ती आणली होती, रात्री नवऱ्याला दाखवू म्हणून. भिंगरी एकेक क्लिप घेत होती, आजोबांसारखं तोंड गंभीर करून फ्रॉकवर पुसत होती आणि आप्पांच्या मांडीवर ठेवत होती.

"घ्या," ती म्हणत होती. "घ्या."

"अगं माझे बाई!" थोरलीनं तिला उचललं. "कालच धुतलाय हा फ्रॉक! पांढरा! बघा, आप्पा, बघा, सगळा काळा केला!"

न्हाणीघरात नेऊन तिनं फ्रॉक साबणानं घासला. डाग फिकट झाला, पसरला, गेला नाही. भिंगरी बादलीत हात घालून पाणी उडवत होती. थोरली घासत होती आणि करवादत होती: एक धड नाही, क्लिप धरत नाही, डाग सोडत नाही, जे धरायला हवं ते सुटतं आणि जे सुटायला हवं ते...

तिचा हात थांबला.

तेल. हा डाग तेलाचा होता. पत्रा कापताना प्रेसवाला त्यावर तेल सोडतो. ते क्लिपांबरोबर डब्यात येतं. काकूंचे हात काळे होतात. पुसलं की ते जातं. फ्रॉकवर जातं.

नाहीतर फडक्यावर जातं.

ती ओल्या हातानं तशीच उभी राहिली. अडीच महिन्यांत आप्पांनी तपासलेली प्रत्येक क्लिप, त्यांनी स्वतः आणून दिलेला प्रत्येक नमुना पुसलेला होता. आणि डब्यातली एकही क्लिप कुणी पुसली नव्हती; तिचे दाते तेलावरून घसरत होते.

आनंद व्हायला हवा होता. तिला आधी रडू आलं, आणि मग इतका संताप आला की तिनं फ्रॉक बादलीत आपटला. भिंगरीला ते फार आवडलं. "पुन्ना," ती म्हणाली.

आप्पांना सांगायचं कसं? जेवताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "भात वाढू?" असं विचारून मिटलं. आप्पांचं ताट तीनदा भरलं.

शुक्रवारी सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधीच ती डायच्या खोलीत पोचली. "आप्पा, फडकं द्या."

"कशाला?"

"द्या हो."

त्यांनी दिलं. तिनं ते स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि प्रेसचा डबा पुढे केला. "यातली घ्या आणि लावा. तशीच."

आप्पांनी क्लिप उचलली. हात खांद्याकडे गेला, तिथं काही नव्हतं. ते तसेच थांबले, चष्मा हरवलेल्या माणसासारखे. मग तिच्याकडे पाहिलं. हातातल्या क्लिपकडे पाहिलं. अंगठा तिच्यावरून फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली. थोरलीला कळलं की यांना कळलं.

तरी त्यांनी क्लिप लावली. वीस किलो. तीस. टक्. वजनं फरशीवर आदळली.

त्यांनी दुसरी लावली. टक्. मग ते खालच्या कपाटाशी बसले आणि पहिली, दोन दात्यांची क्लिप काढून आणली. जिच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं ती. थोरलीच्या खांद्यावरच्या फडक्याच्या टोकाला पुसली, चढवली. ऐंशी किलो. ढिम्म.

"अडीच महिने," आप्पा म्हणाले.

"असू द्या."

"असू द्या काय! डायचा दाता रोज रोज कानसत होतो मी. आणि त्या काकू हात दाखवत होत्या, तर मी काय म्हणालो? काम केलं की हात काळे होतातच." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि तू! तू तरी एकदा बोलायचंस ना!"

"मी?" थोरलीचा आवाज टिपेला गेला. "मी रोज येऊन सांगत होते, सुटते म्हणून! तुम्ही म्हणत होता, स्वतःला विचार!"

"मग विचारायचं होतंस!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसायला अजून वेळ होता; तीन वाजायला नव्हता.

इलाज मात्र आप्पांनाच सुचला. मागच्या शेडमध्ये एक जुनं फिरतं पिंप पडून होतं. खोकी ठेवायच्या लाकडी फळ्या कापतात तिथून थोरलीनं दोन पोती भुसा आणला. पिंपात क्लिपा, वर भुसा, आणि पाऊण तास गरगर. भुसा काळा झाला, क्लिपा कोरड्या निघाल्या. काकूंनी एक चोळून पाहिली, तळहात पाहिला, आणि आप्पांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग बोलल्याही. "दोन महिने," त्या म्हणाल्या. एवढंच.

तीन वाजता मालकांनी डब्यात हात घातला. दहा खोकी बांधली, छातीइतक्या उंचीवरून टाकली. एक कोपरा फाटला, पण क्लिप सुटली नाही. मालकांनी दहावं खोकं स्वतः उचलून पुन्हा टाकलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "शेवटी तिसरा दाता कामी आला तर."

आता नुसतं 'हो' म्हणायचं. थोरलीनं मनातल्या मनात हात जोडले. बेंच वाचतंय, आप्पा, म्हणा हो.

"नाही," आप्पा म्हणाले. "दोन दातेही पुरले असते. तेलामुळे सुटत होती. मी पुसून तपासत होतो, म्हणून मला दिसलं नाही."

थोरलीला वाटलं, फरशी उचलावी आणि खाली जाऊन बसावं.

"म्हणजे अडीच महिने तुम्ही..."

"क्लिप पुसत होतो," आप्पांनी वाक्य पुरं केलं. "क्लिप चुकली नव्हती, तपासणारा चुकला. हत्यारं आवरायची तर आवरतो."

मालकांनी मोठा श्वास घेतला, रागवायला घेतात तसा. मग त्यांची नजर दहा खोक्यांवर गेली, आणि तो श्वास तसाच बाहेर पडला.

"ते पिंप कोण चालवणार?" ते म्हणाले. "त्याचा पट्टा सारखा निसटतो. दुसऱ्या कुणाला ते जमलेलं नाही आजवर. आणि हे खांद्यावरचं फडकं जाळून टाका."

"फडकं राहील," आप्पा म्हणाले. "आधी डब्यातली तपासीन, मग पुसलेली. दोन्ही."

मालक पुटपुटत गेले. काय पुटपुटले ते कुणी नीट ऐकलं नाही, पण सोमवार-बिमवार काही नव्हता त्यात.

संध्याकाळी भिंगरीनं चमचा फेकला. आप्पांनी उचलला, पुसायला फडकं घेतलं, थबकले, थोरलीकडे चोरून पाहिलं. ती भात वाढत राहिली. त्यांनी पुसून दिला.

दोन घास झाले. मग आप्पांनी ताटातल्या भातावर बोटानं एक रेघ ओढली. तिच्याशेजारी आणखी एक. आणखी एक. तिसऱ्या रेघेपाशी ते थांबले, डोकं तिरकं करून बघत राहिले.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "कोरड्या क्लिपला जर चौथा..."

"आप्पा," थोरली म्हणाली, "जेवा."