अंतर्ज्ञान आणि सोनेरी पट्टी

ज्ञानस्वामींच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत एक संगणक होता. भक्ताने त्यावर व्यथा टाइप करायची, ‘पाठवा’ दाबायचं आणि आत जायचं. स्वामी डोळे मिटून तीच व्यथा शब्दन् शब्द सांगत. “आमचं वेबपान काही साठवत नाही हो,” शिष्य छातीठोकपणे सांगे. पडद्याच्या वरच्या कडेला तेवढी एक सोनेरी पट्टी चिकटवली होती. पवित्र म्हणे!

ताईचं कामच वेबसाइट बनवण्याचं. पण आज ती धाकट्या बहिणीला परत न्यायला आली होती. धाकटीच्या छातीतली गाठ दुसऱ्या दिवशी काढायची होती आणि स्वामींनी फर्मावलं होतं, शस्त्र लावू द्यायचं नाही.

“भूल दिली की मला जागच येणार नाही, ही भीती मी घरात कुणालाही सांगितली नव्हती,” धाकटी म्हणाली. “त्यांनी ती ओळखली, ताई!”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि धाकटीला घेऊन आत गेली.

स्वामींनी पुढ्यातल्या फुलांवर कृपादृष्टी टाकली, मग डोळे मिटले. “बाळ, तुझा नवरा जुळ्या मुलांना घेऊन पळालाय. पूर्वेला आहे. येईल परत.”

“ताईचं तर लग्नच झालेलं नाही!” धाकटी ओरडली.

“म्हणूनच पळाला असेल बिचारा,” ताई म्हणाली आणि तिने फुलं बाजूला सारली. खाली टॅबलेट होता, त्यावर तिने टाइप केलेलाच मजकूर. मग बाहेर येऊन तिने सोनेरी पट्टी टर्रकन ओढली. पट्टीखाली वेबपानाचा पत्ता होता आणि त्याच्या शेपटाला ताईने टाइप केलेला नवरा जुळ्यांसकट लटकत होता.

“ब्राउझर सर्व्हरला, म्हणजे पान चालवणाऱ्या संगणकाला, मजकूर दोन तऱ्हांनी पाठवतो,” ताई गर्दीला म्हणाली. “‘पोस्ट’ने पाठवला तर पाकिटात घातल्यासारखा जातो. ‘गेट’ने पाठवला तर पाकिटावरच लिहिल्यासारखा, पत्त्यात. आलेला प्रत्येक पत्ता सर्व्हर आपणहून टिपून ठेवतो. पान कशाला साठवेल? सर्व्हर यांचाच, म्हणजे पाकीटही फोडता आलं असतं. यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत!”

शिष्य मागच्या दाराने पसार झाला.

“पण माझी भीती खरी होती ना गं?” धाकटीचे डोळे भरून आले.

“खरीच होती. त्यांनी ओळखली नाही, वाचली. कुणी मनातलं सांगितलं, तर जीव त्याच्या हाती देण्याआधी एवढंच विचारायचं, तुम्हाला हे कळलं कसं?”

दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी धाकटीचा हात हातात घेतला. त्यांना अंतर्ज्ञान मुळीच नव्हतं. म्हणून त्यांनी सरळ विचारलं, “भीती वाटतेय का?”